दोघांनी मिळून चॅरिटी राईड: वेग, थांबे आणि सामानाची वाटणी

चॅरिटी राईड, म्हणजे देणग्या जमवण्यासाठीची लांब सायकलस्वारी, दोघांनी केली की बहुतेक वेळा पहिल्या तासात बिघडते. ते कळतं मात्र पाचव्या तासात. सुरुवातीला गर्दी असते, पाय ताजे असतात. ज्याचा दम जास्त तो आपल्या नेहमीच्या चालीने निघतो आणि दुसरा मागे पडायला नको म्हणून जीव तोडून पायडल मारत राहतो. 100 किमीपर्यंत निभावतं, मग त्याचे पाय संपतात आणि उरलेलं अंतर दोघांनाही जड जातं. म्हणून वेग हळू जाणाऱ्याचा, हे नोंदणीआधीच ठरवून टाका.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी बोला. शेवटची रेषा एकत्र ओलांडायची की चढ लागले की आपापलं जायचं? आणि एकाला राईड सोडावी लागली तर दुसऱ्याने काय करायचं? सोयीचा करार असा: मदतगाडी येईपर्यंत सोबत थांबायचं, मग पुढे निघायचं. रस्त्याकडेला दमलेल्या अवस्थेत हा निर्णय घ्यायला गेलात तर तो भावनेच्या भरात होतो आणि नंतर खटकत राहतो.

देणग्या

प्रवेशशुल्क आणि जमवायची देणगी या वेगळ्या रकमा असू शकतात. किमान रक्कम माणशी आहे की संघाची, आणि ती कमी पडली तर फरक कोण भरतो, हे अटींमध्ये वाचा. तुमचे मित्र बरेचसे सामाईक असणार. दोघांनी देणगीची वेगवेगळी ऑनलाइन पानं उघडली तर एकाच माणसाकडे दोनदा हात पसरला जातो. एकच पान ठेवा किंवा नावांची यादी आधी वाटून घ्या. पहिल्या चार-पाच देणग्या घरच्यांकडून घ्या, कारण रिकाम्या पानावर पहिला आकडा टाकायला लोक कचरतात. रोख मिळाली तर नाव, रक्कम, तारीख लिहून त्याच दिवशी भरा.

बारा आठवड्यांचा सराव

160 किमीच्या राईडसाठी, आज 50 किमी सहज होत असतील, तर 12 आठवडे पुरतात. आठवड्यात एक लांब राईड, दोन छोट्या. लांब राईड दर आठवड्याला साधारण 10 ते 15 टक्क्यांनी वाढवा, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी करा. दोन-तीन आठवडे उरले असताना 120 ते 130 किमीची एक राईड झाली की बास; पूर्ण अंतर सरावात करायची गरज नाही. कार्यक्रम अनेक दिवसांचा असेल तर लागोपाठ दोन दिवस चालवून बघा. सीटची खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होते.

यातल्या किमान चार लांब राईड दोघांनी सोबत करा. कोणाला कधी भूक लागते, कोण उताराला घाबरतो, कोणाला दर तासाला थांबावं लागतं, ते तिथेच कळतं. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा. पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालू नका; त्याची शिवण कातडी सोलते.

एकामागे एक

ताशी 30 किमीच्या आसपास, सपाट रस्त्यावर, पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून राहिलं तर जवळपास चौथा हिस्सा मेहनत वाचते. समोरून वारा असेल तर फायदा आणखी वाढतो. चढावर वेग ताशी 12-15 वर आला की तो जवळजवळ संपतो, म्हणून तिथे चाकाला चिकटण्यात अर्थ नाही.

सवय नसेल तर दोन चाकांमध्ये एक मीटर ठेवा, सवय झाली की अर्धा. नजर पुढच्याच्या टायरवर नव्हे, त्याच्या कमरेवर आणि त्यापलीकडच्या रस्त्यावर. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही नेऊ नका: तो जरा सरकला की चाकं एकमेकांना घासतात, आणि पडतो तो मागचाच.

पुढच्याची जबाबदारी मोठी. खड्डा, काच, खडी हाताने दाखवायची आणि तोंडानेही सांगायची. अचानक ब्रेक मारायचा नाही. उभं राहून पायडल मारायचं असेल तर आधी एक गिअर जड करायचा, नाहीतर उठताना सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला भिडते. पुढे राहण्याची पाळी बदलताना मागे आणि आजूबाजूला पाहून बाजूला व्हा, पायडल हलके करा आणि दुसऱ्याला जाऊ द्या. नव्याने पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नाही. ही चूक सर्रास होते.

पाळ्या सारख्या असायला हव्यात असंही नाही. दमदार जोडीदाराने दहा मिनिटं, दुसऱ्याने तीन, हे अगदी योग्य. मागच्याला पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटक झालं की वेग कमी करायचा. मुख्य म्हणजे मागच्याने ‘हळू’ म्हणायला लाजायचं नाही.

बाजूबाजूने चालवताना सतत अर्धं चाक पुढे ठेवणारा जोडीदार नकळत वेग वाढवत असतो. त्याला हे सांगावंच लागतं, कारण स्वतःला ते जाणवत नाही. चढावर दोघंही आपापल्या लयीत जा आणि माथ्यावर आधी ठरलेल्या जागी भेटा, रस्ता सोडून.

वेळ थांब्यांत जाते

160 किमी ताशी 24 च्या सरासरीने म्हणजे 6 तास 40 मिनिटं. पंधरा मिनिटांचे चार थांबे धरले की 7 तास 40 मिनिटं. पण एकाची बाटली भरून झाली की दुसरा शौचालयाच्या रांगेत, तो परतला की पहिला खायला बसलेला, असं झालं की पंधराचे तीस होतात आणि चार थांब्यांत एक तास जादा जातो. उपाय सोपा आहे: थांब्यावर पोचताच एक सायकली सांभाळून चारही बाटल्या भरेल, दुसरा शौचालयाला जाईल, मग उलट. खाणं उभ्यानेच. मार्ग बंद होण्याची वेळ पाहून कोणत्या थांब्यावरून किती वाजता निघायचं ते कागदावर लिहून हँडलजवळ चिकटवा.

पहिल्या अर्ध्या तासापासून खात राहा. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे मध्यम आकाराची एक ते दोन केळी, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. उन्हात मीठ असलेलं पेय. तहान नसताना नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. जोडीदार गप्प झाला, चिडचिड करू लागला, सरळ रेषेत चालेनासा झाला तर विचारत बसू नका, थांबा आणि गोड खायला द्या. उन्हात बोलणं बरळल्यासारखं वाटलं तर सावली, पाणी ओतून अंग थंड करणं आणि ताबडतोब वैद्यकीय मदत.

सामान

दोघांची चाकं, टायरची रुंदी आणि व्हॉल्व्हचा प्रकार सारखा आहे का ते आधी बघा. सारखा असेल तर ओझं निम्मं होतं. नसेल तर ट्यूब ज्याने त्याने न्याव्यात, प्रत्येकी दोन. रिम खोल असेल तर लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते. जोडीदाराची छोट्या व्हॉल्व्हची तिथे कामाची नाही.

एक हातपंप, एक पंक्चर पॅच संच, चेन तोडायच्या सोयीसह एक मल्टिटूल: हे दोघांत मिळून एकच चालतं. चेनचा जोडदुवा (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) मात्र मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे बदलतो. एक 10 गिअरची आणि दुसरी 11 ची असेल तर दोन वेगळे घ्या. मागच्या डीरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला अडकवणारा छोटा तुकडा, सायकलीगणिक निराळा असू शकतो, सुटा जवळ असावा. कार्बन डायऑक्साइडचं 16 ग्रॅमचं काडतूस साधारण एक टायर भरतं, पण तो वायू रबरातून लवकर झिरपतो, म्हणून रात्री टायर रिकामा करून साधी हवा भरा.

पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काच किंवा तार तिथेच राहिली तर पाच किलोमीटरवर पुन्हा बसाल. एकाने ट्यूब बदलायची, दुसऱ्याने टायर तपासायचा.

सर्व्हिसिंग दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी नको. नव्या केबल बसायला 100 किमी तरी जातात आणि तोवर गिअर सरकतात.

राईड संपल्यावर देणगीचं पान आणखी किती दिवस उघडं आहे ते बघा. ‘करू’ म्हणून राहिलेल्यांना त्याच संध्याकाळी अंतर, वेळ आणि दोघांचा फोटो पाठवा. आठवडा उलटला की तेच विसरतात.