स्मूदीतली साखर कमी करायचीय? आधी ज्यूसची बाटली बाजूला ठेवा

मला बरेच दिवस वाटायचं की मी स्मूदीत साखर घालतच नाही, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नाहीच. मग एका रविवारी रिकामपण होतं म्हणून किचनमधला वजनकाटा काढला आणि रोज जे मिक्सरमध्ये जातं ते एकेक करून मोजलं. दोन मध्यम केळी, त्यात साधारण २८ ग्रॅम साखर. कपभर आंब्याच्या फोडी, २२ ग्रॅम. पातळ व्हावं म्हणून ग्लासभर म्हणजे २४० मिली संत्र्याचा ज्यूस, २१ ग्रॅम. स्ट्रॉबेरी फ्लेवरचं योगर्ट १५० ग्रॅम, डब्यावरच लिहिलेलं १८. आणि वरून एक टेबलस्पून मध, का तर हेल्दी, त्याचे १७. बेरीज १०६ ग्रॅम! चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे ४ ग्रॅम धरा, म्हणजे सव्वीस-सत्तावीस चमचे झाले, आणि हे सगळं मी एकटी ओट्यापाशी उभ्या उभ्या पाच मिनिटांत संपवायचे.

आता यातलं सगळंच वाईट असं नाहीये, इथे जरा नीट बघायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की 'फ्री शुगर' दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्याला ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम पडतं. फ्री शुगर म्हणजे वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांच्या ज्यूसमधली साखर. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत. मग माझ्या ग्लासात काय निघालं तर ज्यूसचे २१, मधाचे १७, आणि योगर्टमधले दुधाचे स्वतःचे सातेक ग्रॅम सोडले तर वरून घातलेले ११. झाले ४९. म्हणजे दिवसभराचा कोटा सकाळी सकाळीच संपला, आणि तोही फळांना हात न लावता! म्हणून माझं म्हणणं असं की केळं बंद, आंबा बंद असं करायच्या आधी या तीन गोष्टी काढा, अर्धं काम तिथेच होतं.

सगळ्यात आधी ज्यूस. स्मूदी फिरायला पातळ काहीतरी लागतं एवढंच ज्यूसचं काम असतं आणि ते पाणीही करतं. साधं थंड पाणी, दूध, बिनसाखरेचं सोया किंवा बदामाचं दूध, किंवा ग्रीन टी करून गार केलेला, यातलं काहीही चालतं. संत्र्याची चव हवीच असेल तर अख्खं संत्रं सोलून बिया काढून टाका, त्यातला चोथा पण पोटात जातो. ओटच्या दुधाबद्दल एक सांगते, त्यावर साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असलं तरी ते बनवताना ओटमधला स्टार्च एन्झाइमने फोडतात त्यामुळे त्यात माल्टोज नावाची साखर तयार होते, तेव्हा मागचा आकडा बघून घ्या. आणि डब्यांवर साखर काही एकाच नावाने येत नाही, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रूट कॉन्सन्ट्रेट, केन ज्यूस असली नावं दिसली की ती साखरच समजायची.

फ्लेवरच्या योगर्टऐवजी साधं दही. घट्ट, चक्क्यासारखं असेल तर अजूनच छान, प्रोटीन जास्त मिळतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं.

मधाचं मात्र लोकांना पटत नाही. नैसर्गिक आहे वगैरे ठीक आहे पण मधाचं शंभरातलं ८० च्या वर वजन साखरेचंच असतं, मेपल सिरपची गत फार वेगळी नाही. खजुराचं जरा बरं कारण सोबत फायबर येतं, पण एका मोठ्या मेदजूल खजुरात १६ ग्रॅम साखर असते आणि लोक तीन-तीन टाकतात आणि वर म्हणतात शुगर-फ्री स्मूदी आहे!! टाकायचाच तर अर्धा टाका.

आता फळं. दर १०० ग्रॅमला साधारण साखर अशी असते: रास्पबेरी साडेचार, स्ट्रॉबेरी ५, कलिंगड ६, पपई ८, संत्रं, किवी आणि पेरू ९, सफरचंद आणि ब्लूबेरी १०, केळं १२, आंबा १४, द्राक्षं १५. पाठ करायची गरज नाही, फक्त एकाच ग्लासात दोन गोड फळं घालू नका इतकं बास आहे. एक गोड फळ चवीपुरतं आणि बाकी भरती कमी गोड फळाची. पेरू माझा लाडका कारण १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या वर फायबर, पण बिया बारीक व्हायला मिक्सर दणकट लागतो. केळं पूर्ण सोडायचं कारण नाही, अर्धं घ्या. हिरवट केळ्यात स्टार्च जास्त असतो आणि पिकताना त्याचीच साखर होत जाते, म्हणजे काळे ठिपके पडलेलं केळं जास्त गोड लागतं तो भास नाहीये. तसलं असेल तर पाव केळं पण पुरतं.

इथपर्यंत सगळे येतात आणि मग म्हणतात चव नाही लागत, आणि पुन्हा मधाची बाटली हातात. यावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि माझं मत असं झालंय की बऱ्याचदा आपल्याला गोडी कमी पडलेली नसतेच, कमी पडलेला असतो दाटपणा नाहीतर वास, किंवा मग ग्लास नको इतका गार असतो. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, कारण गोडीचा निरोप पुढे पोचवणारी जिभेवरची यंत्रणा थंडीत सुस्त होते. आइस्क्रीम वितळल्यावर किती गोडमिट्ट लागतं ते आठवा, साखर तेवढीच असते. तेव्हा फ्रोझन फळं आणि वर मूठभर बर्फ असं घालून लगेच चव बघितली तर अळणीच लागणार. बर्फ घालूच नका, फ्रोझन फळं पुरेशी गार असतात, आणि मिक्सर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून मगच ठरवा.

दुसरं वास. व्हॅनिला, दालचिनी, वेलची यात साखर नसते पण आपलं डोकं हे वास गोडाशी जोडतं त्यामुळे तोच ग्लास जास्त गोड वाटतो. पाव चमचा दालचिनी किंवा व्हॅनिलाचे तीन-चार थेंब घालून बघा. जोडीला चिमटीत अगदी चार कण मीठ, खारट लागेल इतकं नाही, मीठ कडवटपणा दाबतं आणि फळाची मूळ गोडी वर येते. पालक घालत असाल तर हे मीठ विसरू नका.

तिसरं आंबटपणा, तो गोडी झाकतो. दही आंबट, वर स्ट्रॉबेरी आंबट आणि त्यावर लिंबू पण पिळलं तर मध लागणारच ना. ताजं गोडसर दही घ्या नाहीतर अर्धं दही अर्धं दूध करा.

आणि कडवटपणा. हे मी स्वतः भोगलंय. किवी आणि दूध फिरवून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, म्हटलं दुपारी पिऊ, दुपारी बघते तर कडू जहर. दूध खराब झालं समजून ओतून दिलं, दुसऱ्या दिवशी नवीन दूध आणून परत तेच केलं आणि परत कडू, यावेळी दोन चमचे मध घालून कसंबसं संपवलं. नंतर कळलं की न शिजवलेल्या किवी, अननस आणि पपईत प्रोटीन तोडणारे एन्झाइम असतात, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतात आणि ते तुकडे कडू लागतात. म्हणजे तो मध मी फळासाठी घातलाच नव्हता, माझी चूक झाकायला घातला होता. ही तीन फळं दूध-दह्यासोबत घ्यायची तर फिरवल्या फिरवल्या पिऊन टाका, ठेवायचं असेल तर पाण्यात फिरवा.

राहिला दाटपणा. केळं आणि आंबा आपण निम्मे तरी त्या मऊसर दाटपणासाठी घालतो, मग तो दुसरीकडून आणायचा. पाव ॲव्होकाडो, त्यात साखर जवळजवळ नाहीच. दोन चमचे ओट्स दहा मिनिटं भिजवून. एक टेबलस्पून चिया, त्यात चारेक ग्रॅम फायबर असतं आणि तो पाणी ओढून जेलीसारखा फुगतो, आधी भिजवा नाहीतर ग्लासात तळाशी गोळा बसतो. बिनसाखरेचं पीनट बटर एक चमचा. आणि हसू नका, फ्लॉवर! तुरे वाफवून, पूर्ण गार करून, फ्रीझरमध्ये कडक करायचे आणि मूठभर टाकायचे, बेरी आणि व्हॅनिलासोबत असतील तर सांगितल्याशिवाय कळत नाही. वाफवायचं टाळलंत तर मात्र पहिल्या घोटाला वास येईल, मग मला बोलू नका.

माझा आत्ताचा ग्लास असा आहे: फ्रोझन स्ट्रॉबेरी १५० ग्रॅम, अर्धं केळं, साधं दही १५० ग्रॅम, पालकाची दहा-बारा पानं, भिजवलेला चिया एक चमचा, १०० मिली पाणी, दालचिनी, मीठ चार कण. आधी पाणी, दही आणि पालक फिरवायचं, पानं पूर्ण नाहीशी झाली की मग बाकीचं, एकदम सगळं टाकलं तर दातात हिरवे तुकडे येतात. साखर सगळी मिळून २१-२२ ग्रॅम, वरून घातलेली शून्य.

गाळू मात्र नका, गाळलं की त्याचा ज्यूसच झाला. आणि ग्लास लहान घ्या. ब्रिटनमध्ये तर फिरवलेल्या फळातली साखर पण फ्री शुगरमध्येच धरतात आणि तिथली आरोग्य सेवा ज्यूस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिली एवढंच सांगते. कडक वाटतं पण त्यामागे अर्थ आहे, कारण फळ चावायला वेळ लागतो आणि पिणं दोन मिनिटांत होतं. १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग आला होता, दहा जणांना सफरचंद तीन प्रकारे दिलं, अख्खं, प्युरी करून आणि ज्यूस करून, कार्बोहायड्रेट तिन्हीत सारखंच. ज्यूस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट भराभर संपवता आला, आणि सगळ्यांना एकाच वेगाने खायला-प्यायला लावलं तरी पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, प्युरीने त्याहून कमी, ज्यूसने सगळ्यात कमी. स्मूदी त्या प्युरीच्या जवळ जाते. म्हणून मी हल्ली ती इतकी दाट करते की वाटीत घेऊन चमच्याने खावी लागते, वर चार बदाम.

घरच्यांना एका दिवसात बदलायला जाऊ नका, विशेषतः मुलांना, ग्लास तसाच परत येतो. दर आठवड्याला मध पाव चमचा कमी करा, ज्यूस निम्मा करून बाकी पाणी घाला, तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते. साखरेऐवजी स्टीव्हिया, सुक्रालोज वगैरे घालून बघायचं मनात असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवायला असल्या गोळ्या-पावडरींवर विसंबू नका असं सांगितलंय, आणि माझा अनुभव असा की त्याने गोडाची सवय आहे तिथेच राहते. डायबिटीस असेल तर ग्लासात काय किती जातं ते लिहून एकदा डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवाच. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, थेंबभर पण नाही.

शेवटचं म्हणजे मापाचं. सकाळच्या घाईत कोणी वजनकाटा काढत नाही, अंदाजे टाकलं की केळं दीड होतं आणि आंबा हवा तेवढा. मी सुट्टीच्या दिवशी पाच पिशव्यांत फळं, फ्लॉवर आणि पालक मोजून भरते आणि फ्रीझरमध्ये टाकते, सकाळी एक पिशवी, दही, पाणी आणि मिक्सर. पिशवीवर मार्करने तारीख टाका, माझ्याकडे खालच्या कप्प्यात एक हिरवट पिशवी आहे ती कधीची आहे हे अजून कळलेलं नाही.