बेलवर ९९+ दिसतंय? कम्प्लायन्स सॉफ्टवेअरचे अलर्ट मी कसे सांभाळते

आधीच सांगते, मी सीए नाही की सीएस नाही. रबाळे एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सच्या फॅक्टरीत अकाउंट्स, एचआर आणि "मॅडम ते तुम्हीच बघा ना" अशा तीन पोस्ट एकटीने सांभाळते. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी कम्प्लायन्स सॉफ्टवेअर (कंपनीला कुठले कायदे लागू आणि कुठलं काम कधीपर्यंत, ते सांगणारं) घेतलं, आणि कायदा बदलला की अलर्ट येणार म्हणजे आपण निवांत, असं सगळ्यांना वाटलं. महिन्याभरात स्क्रीनवरच्या अलर्टच्या बेलवर ९९+ आणि कोणी उघडून बघेना. आता नीट चालतंय, ते कसं ते लिहिते.

पहिलं काम अलर्ट वाचायचं नाहीये, प्रोफाइल तपासायचं आहे. सॉफ्टवेअर तुम्हाला काय पाठवतं ते सगळं त्या प्रोफाइलवर ठरतं, राज्य कुठलं, माणसं किती, धंदा कसला, लायसन्स कुठली. आमच्याकडे जो मुलगा सेटअपला आला होता त्याने एसी केबिनमध्ये बसून दोन तासांत सगळं भरलं. बॉयलर आहे का असं विचारल्यावर साहेबांनी फोनवर बोलता बोलता मान हलवली, ती हो होती की नाही देवच जाणे, त्याने "नाही" टिक केलं. आणि इकडे कोरुगेशनला वाफ लागते म्हणून मागच्या शेडमध्ये बॉयलर दिवसभर चालू! २०२५ मध्ये १९२३चा बॉयलर कायदा जाऊन नवा आला तरी सॉफ्टवेअर गप्प. मला कळलं ते बॉयलरवाल्या काकांकडून, चहाच्या टपरीवर, "मॅडम नवीन कायदा आलाय म्हणे, आपल्या सर्टिफिकेटचं काय?"

म्हणून प्रोफाइलची प्रिंट काढा आणि ती हातात घेऊन फॅक्टरीत एक चक्कर मारा. बॉयलर, जनरेटर, डिझेलचा साठा, कॅन्टीन, कॉन्ट्रॅक्टरची माणसं, नाइट शिफ्टला बायका आहेत का, भिवंडीला गोडाऊन घेतलंय ते प्रोफाइलमध्ये आहे का (आमचं नव्हतं). माणसांचा आकडा तर हमखास चुकतो कारण पेरोलवरचे तेवढे मोजले जातात, कॉन्ट्रॅक्टवाले राहतात, आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) १० माणसांपासून आणि पीएफ २० माणसांपासून लागू होत असल्यामुळे लहान युनिटला दोन माणसांनी पण फरक पडतो.

दुसरं, सगळ्यांना सगळे अलर्ट जाऊ देऊ नका. आमच्याकडे आधी प्रत्येक अलर्ट सहा जणांना मेलवर जायचा, म्हणजे प्रत्येकाला वाटायचं दुसरा कोणीतरी बघेल. आता एका विषयाला एकच मालक आणि एक बॅकअप. लेबरचं माझ्याकडे, जीएसटी आमच्या अकाउंटंटकडे, प्रदूषण आणि बॉयलर प्लांट मॅनेजरकडे. मेल रोजचे बंद करून आठवड्याचं डायजेस्ट (सगळ्याचा मिळून एक मेल) लावलंय, फक्त ज्याची तारीख ३० दिवसांच्या आत आहे तेवढे अलर्ट लगेच येतात. मी दर शुक्रवारी दुपारी तासभर बसते, त्या तासात साहेबांचा फोन पण घेत नाही.

आता मुख्य गोष्ट, अलर्ट उघडला की आधी काय बघायचं. मी आधी हेच बघते की हे नक्की काय आहे, बातमी, प्रेस रिलीज, ड्राफ्ट, पास झालेला कायदा की नोटिफिकेशन (सरकारची अधिकृत अधिसूचना)? आणि लागू कधीपासून? लेबर कोडचंच (कामगारांसाठीचे चार नवे कायदे) बघा ना, एक २०१९ला पास झाला, बाकी तीन २०२०ला, आणि लागू झाले २१ नोव्हेंबर २०२५ला. मधली पाच वर्षं "येणार येणार" चाललं होतं, आमच्याकडे पण त्याचे इतके अलर्ट आले की खरा आला तेव्हा आमच्या अकाउंटंटने सवयीने बाजूला सारला, मी ओरडले तेव्हा परत उघडला. त्यात २९ जुने कायदे चार कोडमध्ये गेलेत, म्हणजे सॉफ्टवेअरमधली जुनी कामं जुन्याच कायद्याच्या नावाला चिकटलेली असतील तर ती पण एकदा बघून घ्या.

सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच धंद्यातलं. २०२५च्या गणपतीत अर्धं ऑफिस गावाला, आणि ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली. त्याच रात्री प्रेस रिलीज, दुसऱ्या दिवशी अलर्ट, नवे रेट २२ सप्टेंबरपासून. पण रेटचं नोटिफिकेशन आलं १७ सप्टेंबरला. म्हणजे प्रेस रिलीजवर तयारी सुरू करायची, सॉफ्टवेअरमध्ये काम उघडून ठेवायचं, पण बिलिंगमध्ये रेट बदलायचा तो नोटिफिकेशनमधला एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) वाचूनच. आणि अलर्टमध्ये लिहिलं होतं काय तर "कोरुगेटेड बॉक्स १२ वरून ५ टक्के", वाचून साहेब खूश. पण त्याच बदलात आम्ही जो क्राफ्ट पेपर विकत घेतो तो १२ वरून १८ वर गेला, तो अलर्ट वेगळा, "पेपर" या कॅटेगरीत, आणि आमच्या प्रोफाइलमध्ये पेपर नव्हताच कारण आम्ही पेपर विकत नाही ना! विकतो ५ने, घेतो १८ने, मधले पैसे जीएसटी क्रेडिटमध्ये अडकणार, हे साहेबांना आठ दिवस उशिरा कळलं. तेव्हापासून प्रोफाइलमध्ये आम्ही जे विकतो त्याच्या एचएसएनसोबत जे घेतो त्याचे पण टाकलेत. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

वाचून झाल्यावर प्रत्येक अलर्टचं तीनपैकी एक करायचं: काम, नजर (आत्ता काही करायचं नाही, पण लक्ष ठेवायचं) किंवा लागू नाही. "वाचलं" हे बटण वापरूच नका. मी हे माझ्या पैशाने शिकले नाही पण माझ्या लाजेने शिकले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लेबर वेल्फेअर फंडाचा (कामगार कल्याण निधीचा) रेट बदलला, कामगाराचे २५ रुपये आणि कंपनीचे ७५. अलर्ट आला, मी ट्रान्स-हार्बर लोकलला घणसोली आणि रबाळ्याच्या मध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचला, "वाचलं" दाबलं आणि जूनच्या पगारात जुनेच १२ कापले. १४० माणसं, माणशी १३ रुपये कामगाराचे कमी आणि ३९ कंपनीचे कमी, मिळून ७,२८० रुपये. रक्कम किरकोळ आहे पण १५ जुलैच्या आत भरायचे म्हणून १४० जणांना १३ रुपये का मागतोय ते समजावताना माझा घसा बसला.

"काम" म्हणजे मालकाचं नाव, तारीख आणि पुरावा. तारीख कायद्याची टाकू नका, त्याच्या आधीची टाका. पीएफ-ईएसआय १५ तारखेला असतं तर आमच्या सिस्टिममध्ये ते १० आहे. पुरावा म्हणजे चलन, बदललेल्या सॅलरी शीटचा स्क्रीनशॉट, काहीही, पण तो अटॅच केल्याशिवाय काम बंद होणार नाही असं सेटिंग करून घ्या.

"लागू नाही" लिहिताना कारण लिहा, एक ओळ पुरे. आणि जिथे कारण आकड्याचं आहे तिथे ते "लागू नाही" नसतंच, ते "नजर" असतं. ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायचं) आठवा, ऑक्टोबर २०२०ला ५०० कोटींच्या वर टर्नओव्हर असेल त्यांना, मग १००, ५०, २०, १० करत १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींच्या वर आलं. २०२०ला ज्यांनी "आपल्याला कुठे" म्हणून कायमचं डिसमिस केलं त्यांना पुढचे अलर्ट दिसलेच नाहीत, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये डिसमिस केलं की तो विषयच म्यूट होतो. ते सेटिंग आजच तपासा. नजरवाल्या यादीला मी तीन महिन्यांनी परत उघडायची तारीख लावते. डेटा प्रोटेक्शनचं पण तिथेच आहे, नियम नोव्हेंबर २०२५ला आले पण बऱ्याचशा जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू, तोपर्यंत कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स कुठे कुठे पडल्यात ते शोधायला वेळ आहे.

मुदतवाढीचे अलर्ट आले की जुनं काम बंद करून नवीन उघडू नका, त्याच कामाची तारीख बदला, नाहीतर दोन्ही राहतात आणि रिपोर्टमध्ये एक लाल दिसत बसतं. २०२५ला इन्कम टॅक्स रिटर्नची १५ सप्टेंबरची मुदत रात्री उशिरा १६ झाली, आमचं सॉफ्टवेअर दोन दिवस "ओव्हरड्यू" म्हणून ओरडत होतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड येतात ते वाईट नसतात, उलट बऱ्याचदा आधी येतात, पण तिथून काम उघडायचं नाही, गॅझेट (सरकारी राजपत्र) नाहीतर त्या खात्याच्या साइटवर पीडीएफ सापडली की मगच.

आणि सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलच्या आधी एक टेस्ट घ्या. तुम्हाला तारखेसकट पाठ असलेले तीन बदल घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये शोधा, अलर्ट गॅझेटनंतर किती दिवसांनी आला ते मोजा. मी मोजलं आणि वेंडरला तीन आकडे पाठवून विचारलं की इतके दिवस का लागतात. त्याने एक महिना फ्री एक्स्टेन्शन दिलं, उत्तर अजून दिलेलं नाही.