हरित बदलाचा प्रस्ताव मंजूर करून घ्यायचा तर

मी प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे सुट्या भागांवर धातूचा थर चढवणाऱ्या कारखान्यात, प्रोसेस इंजिनिअर आहे. पर्यावरणपूरक बदल सुचवायचा असेल तर आधी कारखान्यावर दाब कोणाचा आहे ते शोधा. कायद्याचा, गिऱ्हाइकाचा की खर्चाचा? प्रस्ताव त्यावरच बेतायचा.

कायदा असेल तर त्याची तारीख प्रस्तावात सगळ्यात वर लिहा. युरोपचा रोह्स नियम, म्हणजे घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम, 1 जुलै 2006 पासून लागू झाला आणि विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियमला, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाला, 0.1 टक्क्याची मर्यादा आली. युरोपबाहेरच्या कारखान्यांपर्यंत हाच नियम गिऱ्हाइकाची अट बनून पोचला आणि जस्ताच्या थरावर ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन, म्हणजे कमी विषारी क्रोमियमचा संरक्षक लेप, रुळलं. म्हणून विक्री विभागाकडून गिऱ्हाइकांच्या अटींचे कागद मागवा आणि स्वतः वाचा.

नुसता कायद्याचा धाक असला की बहुतेक ठिकाणी सांडपाण्याची टाकी मोठी होते, प्रक्रिया मात्र तीच राहते. मला हे फार खटकतं. प्रक्रियेला हात लागतो तो खर्च दिसल्यावर. रिन्सचंच, म्हणजे थर चढवल्यावर भाग पाण्यात धुण्याचंच, घ्या. पाणी, भागांना चिकटून वाया जाणारं रसायन म्हणजे ड्रॅग-आउट, सांडपाण्यावरची प्रक्रिया आणि गाळाची विल्हेवाट, हे चार खर्च चार विभागांच्या वह्यांत विखुरलेले असतात. कोणालाच बेरीज दिसत नाही. ती तुम्ही करा, एका लाइनची, एका महिन्याची.

मग उपाय सुचवा. एका रिन्स टाकीऐवजी ओळीने दोन-तीन टाक्या ठेवून पाणी भाग पुढे सरकतात त्याच्या उलट दिशेने फिरवलं, तर तेवढ्याच स्वच्छतेसाठी पाणी 90 टक्क्यांहून अधिक वाचू शकतं. भाग टांगलेला रॅक रसायनाच्या टाकीवर थोडा वेळ निथळू दिला तर रसायनही वाचतं, आणि त्याला यंत्र लागत नाही.

तो वेळ किती ठेवायचा, हे लाइनवरच्या ऑपरेटरला विचारा. थ्रीएम कंपनीने 1975 मध्ये प्रदूषण मुळातच रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो कर्मचाऱ्यांच्या सूचनांवरच उभा राहिला.

मंजुरी आधी एकाच लाइनवरच्या चाचणीपुरती मागा. क्वालिटीच्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सॉल्ट स्प्रे चाचणीचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा मारून गंज तपासण्याच्या चाचणीचे, जुने आणि नवे निकाल शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय उत्पादन विभाग लाइन देणार नाही.