फार्मसीच्या विद्यार्थ्यांमध्ये व्यावसायिकता रुजवताना: सुरुवात जर्नलपासून

पुष्कळ फार्मसी महाविद्यालयांत व्यावसायिकतेचा विचार शेवटच्या वर्षी, मुलाखती तोंडावर आल्यावर सुरू होतो. दोन दिवसांची कार्यशाळा होते, बायोडेटा कसा लिहावा, कसे बसावे, कोणते कपडे घालावेत हे सांगितले जाते आणि विद्यार्थी टिपणे घेऊन बाहेर पडतात. या कार्यशाळा निरुपयोगी असतात असे नाही. मात्र तोपर्यंत सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि त्यांतल्या काही, स्पष्टच लिहायचे तर, आपण शिक्षकांनीच लावलेल्या असतात. म्हणून हे काम पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकललाच हाती घ्यावे. त्यासाठी वेगळा विषय लागत नाही आणि वेगळी तासिकाही लागत नाही.

जर्नलचेच, म्हणजे प्रॅक्टिकलच्या नोंदवहीचेच पाहा. रीडिंग सुट्या कागदावर घ्यायचे, उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही तर ब्युरेटचा (द्रव मोजण्याच्या नळीचा) आकडा थोडा सरकवायचा आणि सत्र संपता संपता सगळे प्रयोग दोन रात्रींत उतरवून त्यांवर मागच्या तारखा टाकायच्या, हा क्रम शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना सारखाच परिचित आहे. औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात हीच कृती नोंदींमधील फेरफार ठरते. ती करणाऱ्याची नोकरी जाते आणि नियामकांच्या तपासणीत संपूर्ण कारखाना अडचणीत येतो. त्या क्षेत्रात ‘अल्कोआ’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पाच तत्त्वे आहेत: नोंद कोणी केली ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. ही तत्त्वे व्याख्यानात सांगण्यापेक्षा प्रयोगशाळेत अमलात आणावीत. पानांवर क्रमांक छापलेली बांधीव वही वापरावी, रीडिंग थेट तिच्यात पेनाने लिहावे, चुकलेला आकडा खोडरबराने पुसण्याऐवजी किंवा गिरवून झाकण्याऐवजी एका रेषेने खोडून शेजारी आद्याक्षरे व तारीख घालावी, आणि शिक्षकाने प्रॅक्टिकल संपण्यापूर्वी सही करावी. मागच्या तारखेची सही आपणही करू नये. एकदा केली की बाकीचे नियम विद्यार्थ्यांच्या लेखी संपतात.

गुणांची पद्धत मात्र बदलावी लागते, कारण उत्तर जुळण्याला गुण दिले तर उत्तर जुळवले जाणारच. समजा पॅरासिटामॉलच्या गोळ्यांच्या ‘असे’मध्ये, म्हणजे लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या किती टक्के औषध गोळीत आहे ते मोजण्याच्या चाचणीत, एखाद्या विद्यार्थिनीचे उत्तर ९१ टक्के आले. ब्रिटिश फार्माकोपिया या औषधमानकांच्या ग्रंथातील मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. ‘पुन्हा कर’ एवढेच सांगितले तर पास होणारे उत्तर येईपर्यंत करत राहायचे, एवढाच धडा ती घेते. आणि उद्योगात नेमके हेच चालत नाही, कारण मर्यादेबाहेरच्या निकालाचे कारण शोधल्याशिवाय तो बाजूला सारता येत नाही. त्याऐवजी तिला कारणे तपासून लिहायला सांगावे: वजन करताना पावडर सांडली का, द्रावण मापरेषेपर्यंत भरले का, शोषणांक (द्रावणाने किती प्रकाश शोषला तो आकडा) घेताना द्रावण ठेवायचे पारदर्शक क्युव्हेट स्वच्छ होते का. प्रामाणिक ९१ टक्क्यांना आणि नीट केलेल्या चौकशीला पूर्ण गुण मिळतात हे वर्गाने एकदा पाहिले की पुढच्या आठवड्यापासून रीडिंग खरी येऊ लागतात.

दुसरे क्षेत्र रुग्णाशी बोलण्याचे. येथे अभिनयाने केलेला सराव सर्वाधिक उपयोगी पडतो. फक्त प्रसंग खरा आणि जोखमीचा निवडावा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने तोंडात व्रण पडणे, अस्थिमज्जेचे काम मंदावणे आणि मृत्यू ओढवणे अशा घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. विद्यार्थी बहुधा औषधाची कार्यपद्धती सांगू लागतो, पाठ केलेले दुष्परिणाम म्हणून दाखवतो आणि शेवटी ‘समजले ना?’ असे विचारतो. रुग्ण मान डोलावतो. त्या मानेला काही अर्थ नसतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने असे म्हणायला शिकावे: ‘मी नीट सांगितले की नाही ते मला तपासायचे आहे, ही गोळी तुम्ही कोणत्या वारी घेणार ते मला सांगा.’ रुग्णाने स्वतः वार निवडून सांगितला, तो लेबलवर लिहिला गेला आणि उरलेल्या सहा दिवशी ही गोळी घ्यायची नाही हे त्याच्याच तोंडून आले, म्हणजे समुपदेशन झाले. रुग्णाच्या भूमिकेतील विद्यार्थ्याला आधीच गुपचूप सांगून ठेवावे की त्याने ‘रोज सकाळी घेईन’ असे उत्तर द्यावे. समोरचा गोंधळतो की शांतपणे दुरुस्त करतो, हे त्या एका वाक्यात दिसते.

डॉक्टरांना फोन करण्याचा सरावही असाच घ्यावा, कारण नव्या फार्मासिस्टला सर्वांत जास्त धास्ती याचीच असते. ‘एसबार’ ही पद्धत अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आली: आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपले मूल्यमापन आणि शेवटी शिफारस. विद्यार्थी शिफारशीपाशी अडखळतात; ‘डोस जास्त वाटतो’ असे म्हणून थांबतात. किती डोस द्यावा असे आपल्याला वाटते आणि का, हे सांगितल्याशिवाय फोन पूर्ण झाला असे मानू नये.

चुकांचे काय करायचे, यावर माझ्या मते सगळे अवलंबून आहे. डिस्पेन्सिंगच्या, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये थोडक्यात टळलेल्या चुकांची एक नोंदवही ठेवावी. चुकीच्या क्षमतेची गोळी उचलली पण लेबल लावण्यापूर्वी लक्षात आले, ०.५ ऐवजी ५ वाचले, सारख्या नावाचे दुसरेच औषध हातात आले, असे काहीही. नोंद करणाऱ्याचे गुण कापू नयेत आणि दर महिन्याला त्या नोंदी नावाविना वाचून चर्चा करावी. शिक्षकाने पहिली नोंद स्वतःची लिहिली तर वही भरते, नाहीतर ती कोरीच राहते.

मूल्यमापनासाठी जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड पुरेसा आहे: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपलीकडे जात नाही. तिसऱ्या पायरीसाठी रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली, एकेका स्थानकावर ठरावीक वेळेत एकेक काम करून दाखवायची ‘ओस्की’ परीक्षा फार्मसीतही चांगली चालते. वर सांगितलेले समुपदेशन आणि फोन ही तिची दोन तयार स्थानकेच आहेत. चौथी पायरी इंटर्नशिपमध्येच दिसते, म्हणून तेथील पर्यवेक्षकाकडून केवळ हजेरीचा दाखला न मागता, पाहिलेल्या एखाद्या प्रसंगाचे चार ओळींचे लेखी निरीक्षण मागावे.

एवढे झाल्यावर नोकरीची तयारी बरीचशी आपोआप होते. बायोडेटात ‘उत्तम संवादकौशल्य’ असे लिहिण्यापेक्षा विद्यार्थ्याने काय केले ते लिहावे, आणि त्यासाठी दर सत्रात एका पानावर एक प्रसंग टिपून फाइल करत जावे: काय घडले, मी काय केले, पुढच्या वेळी काय वेगळे करीन. सराव मुलाखतीत ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा’ हा प्रश्न हमखास विचारावा. तयारी नसलेला उमेदवार ‘मी जरा जास्तच मेहनत करतो’ असे काहीतरी सांगतो. जिने ९१ टक्क्यांची चौकशी केलेली असते, ती वहीतले पान आठवून बोलू लागते.