जुनं कपाट घेताना आधी खण बाहेर काढा

जुनं कपाट किंवा खणांचं टेबल आवडलं, तरी वरच्या पॉलिशवर भाळू नका. एक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करून बघा. कोपऱ्यात एकमेकांत गुंतलेले दात किंचित कमी-जास्त मापाचे असतील तर ते बहुधा हातकाम. सगळे अगदी एकसारखे असतील तर यंत्राचं. लाकडात १-२ मिलिमीटरची भोकं दिसली म्हणून लगेच नाकारू नका, कीड कधीच निघून गेलेली असू शकते. पण भोकांखाली ताजा, फिकट भुसा सांडत असेल तर ती वस्तू घरात आणूच नका, बाकीच्या लाकडालाही लागण होते.

हँगरला कपडे लावायचे असतील तर आतून साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर खोली हवी. जुनी कपाटं अनेकदा उथळ असतात. ती चादरी-पुस्तकांसाठी छान. ओरखडे, उडालेलं पॉलिश मी तरी खुशाल चालवून घेते. जुन्या रंगात मात्र शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. उंच कपाट भिंतीला पक्कं करा, आणि पैसे देण्याआधी घराचा दरवाजा व जिन्याचं वळण मोजा.