शाश्वत सॉफ्टवेअरच्या नावाने होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात अठरा वर्षे सॉफ्टवेअर लिहिताना आणि इतरांचे तपासताना, मुलाखतीला आलेल्या जवळजवळ प्रत्येक उमेदवाराला मी एक प्रश्न विचारत आलो आहे: शाश्वत सॉफ्टवेअर कशाला म्हणाल? अनुभवी मंडळी सांगतात, जे दहा वर्षांनीही सहज दुरुस्त करता येते ते. नवशिके सांगतात, जे कमी वीज खाते ते. आणि व्यवस्थापक होऊ पाहणारे सांगतात की हा विषय प्रशासन विभागाकडे असतो. पहिली दोन उत्तरे अपुरी आहेत, तिसरे मात्र साफ चुकीचे आहे. स्वीडनमधील कार्ल्सक्रोना शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याने शाश्वततेचे पर्यावरणीय, सामाजिक, आर्थिक, तांत्रिक आणि वैयक्तिक असे पाच पैलू मांडले, त्यालाही आता दशक उलटले; तरीही आमच्या बैठकांमध्ये एका वेळी एकच पैलू हजर असतो.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे सर्व्हर क्लाउडवर हलवला की आपले काम संपले, असे मानणे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी आम्ही मोबाइल अॅप केले होते. सादरीकरणात हिरव्या पानाचे चित्र होते आणि वृक्षारोपणाचे आश्वासनही होते. प्रत्यक्षात ते अॅप 'माझ्यासाठी नवे काम आले का?' असे दर पंधरा सेकंदांनी सर्व्हरला विचारत असे. म्हणजे आठ तासांच्या पाळीत एका फोनकडून 1,920 विनंत्या, आणि दोन हजार फोन धरले तर दिवसाला 38 लाखांहून अधिक. एका कर्मचाऱ्याला दिवसभरात जेमतेम सात-आठ कामे येत, त्यामुळे बाकी सगळ्या विनंत्यांना उत्तर 'काही नाही' एवढेच. हे आम्हाला कळले तेही विजेच्या देयकामुळे नव्हे. यवतमाळकडच्या एका कर्मचाऱ्याने तक्रार केली होती, ''साहेब, दुपारी दोनलाच फोन बंद पडतो, मग अर्ज कागदावर लिहून घ्यावे लागतात.'' ज्या तरुणाने तो भाग लिहिला होता, त्याने 'आधी चालू तर करू, नंतर सुधारू' असे म्हटले होते, आणि मी मान डोलावली होती. पुढे काम आल्यावर सर्व्हरनेच फोनला कळवावे अशी रचना केली, आणि निरोप हुकलाच तर म्हणून अर्ध्या तासाने एकदा चौकशी ठेवली. तेव्हापासून ठरावीक अंतराने चालणारी कोणतीही गोष्ट दिसली की मी तिचा दिवसभराचा गुणाकार फळ्यावर लिहायला लावतो. भारतीय ग्रिडवरच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो आकडा मी त्याच फळ्याच्या कोपऱ्यात ठेवतो.

दुसरी चूक मला अधिक खटकते, कारण तिला प्रगती म्हटले जाते. नव्या आवृत्तीत जुन्या अँड्रॉइडचा आधार, म्हणजे तशा फोनवर अॅप चालण्याची सोय, काढून टाकला की चाचणीचे काम कमी होते, हे खरे. परंतु फोनच्या एकूण कार्बन भारापैकी बहुतांश भार तो तयार होतानाच पडलेला असतो, आणि चालू स्थितीतला फोन केवळ आपल्या एका ओळीमुळे टाकून द्यावा लागला तर आपण वाचवलेली सगळी वीज त्यात वाहून जाते. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा सुधारणांचा पुरवठा, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तेव्हा विंडोज 11 च्या हार्डवेअर अटींत न बसणाऱ्या धडधाकट संगणकांचे काय करायचे हा प्रश्न असंख्य कार्यालयांपुढे आला. आपणही लहान प्रमाणावर तेच करत असतो. मी स्वतः चाचणीसाठी टेबलावर पाच-सहा वर्षांपूर्वीचा स्वस्त फोन ठेवतो आणि प्रत्येक आवृत्ती आधी त्यावरच चालवतो. चकचकीत फोनवर लिहून त्याच फोनवर तपासणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा तो फोन त्यांच्या हातात देणे सोपे पडते.

झाडे लावून हिशेब बरोबर होतो हा समजही सोडावा. सॉफ्टवेअरच्या कार्बन उत्सर्जनाचे जे मोजमाप आयएसओ 21031 हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून 2024 मध्ये मान्य झाले, त्यात वीज, तिची कार्बन तीव्रता (एका युनिटमागचे उत्सर्जन) आणि हार्डवेअरचा निर्मितीभार धरतात. बाहेरून विकत घेतलेल्या भरपाईने तो आकडा कमी होत नाही. चाचणीचे सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी बंद करा. लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या कामाच्या ठेवते त्या नोंदी, 'लागले तर असावेत' म्हणून वर्षानुवर्षे साठवू नका. जे काम दहा ओळींच्या नियमाने होते, तिथे चॅटजीपीटीमागे असते तसे मोठे भाषा-मॉडेल बसवू नका, कितीही मोह झाला तरी. आणि सलग तीन रात्री जागून दिलेली आवृत्ती शाश्वत म्हणवू नका. लिहिणारा माणूस सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला की तो कोड दुसऱ्या कोणालाही समजत नाही.

'ग्राहकाने मागितले नव्हते' ही सबब मी ऐकून घेत नाही. ग्राहक क्वचितच मागतो, म्हणून आवश्यकतांच्या दस्तऐवजात मी चार रकाने स्वतःच जोडतो: सर्वांत जुने कोणते उपकरण चालले पाहिजे, कोणते काम किती वेळाने चालेल, माहिती किती दिवस राहील, आणि हे सगळे कोण बंद करणार. चौथ्या रकान्यात कोणी विभागाचे नाव लिहून आणले तर मी तो कागद परत करतो. तिथे माणसाचे नाव लागते.