परतीची बस आधी, वाट मग: इंग्लंडच्या खेड्यांतून चालायचं असेल तर

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वाड्यावर आता दर दोन-तीन घरांआड कोणीतरी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेलं आहे, माझी ताई पण तिथेच. मग उन्हाळ्यात आई-बाबा, सासू-सासरे भेटायला जातात, लंडनचं घड्याळ आणि राजवाडा बघून होतो एका दिवसात, आणि उरलेला महिनाभर खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजतात. माझ्या आईचं पण तेच चाललेलं, शेवटी मी तिला बूट घालायला लावले आणि बाहेर काढलं. स्विंडनपासून कॉट्सवोल्ड्स नावाच्या भागातली खेडी गाडीने तासाभराच्या आत आहेत, आणि तिथे एका गावातून दुसऱ्या गावात शेतातून चालत जाता येतं, डोंगर-बिंगर चढावा लागत नाही.

पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, वाट निवडायच्या आधी परतीची बस निवडा. आम्ही उलटं केलं. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे साडेसहा वाजले तरी आपल्याला चार वाजल्यासारखं वाटतं, आम्ही नदीकाठी निवांत बसलो आणि बस कधीच निघून गेली होती. भावोजी ड्युटीवरून येऊन परत गाडी काढून आम्हाला न्यायला आले, काही बोलले नाहीत, पण आईला दोन दिवस जावयाकडे बघवेना. तेव्हा सूर्यावर भरवसा ठेवू नका, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, आणि रविवारी तर आधी बस आहे का ते बघा, खेड्यांत रविवारी बस कमी नाहीतर नाहीच. थांब्यावर बस दिसली की हात दाखवायचा, नुसतं उभं राहिलं तर ड्रायव्हर न थांबता जाऊ शकतो.

सुरुवातीला मी सांगेन ती वाट म्हणजे बोर्टन-ऑन-द-वॉटर ते लोअर स्लॉटर ते अप्पर स्लॉटर, आणि परत. स्विंडनहून ट्रेनने चेल्टनहॅम, तिथून ८०१ नंबरची बस बोर्टनला जाते. जाऊन येऊन सात-आठ किलोमीटर होतं. पाट्यांवर अंतर मैलात असतं हां, १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर, आईला मी मैलच सांगत होतो, ऐकायला कमी वाटतं. चालायचा हिशोब म्हणून तासाला ५ किलोमीटर असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते दणकट माणसाचं, घरचं मोठं माणूस बरोबर असेल तर ३ धरा, फोटो आणि गुडघे त्यात आले.

स्लॉटर नाव ऐकून आई दचकली, इथे काय कापतात की काय. कत्तलीशी त्याचा संबंध नाही, जुन्या इंग्रजीतल्या चिखलाची, दलदलीची जागा अशा अर्थाच्या शब्दावरून ते आलं म्हणतात. आणि चिखल खरंच असतो. आपल्या पावसासारखा धो धो नाही पडत तिथे, पण माती सुकतच नाही, फाटकाशी गुरांच्या पायांनी नुसता काला झालेला असतो. तेव्हा चपला नकोत, पांढरे स्पोर्ट शूज तर नकोच, घोट्यापर्यंतचे बूट घ्या, नवे असतील तर आधी आठवडाभर घरात घाला. बसमध्ये चढायच्या आधी चिखलाचे बूट काढून ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी आणि बदलायला चपला ठेवा.

आता वाटेचं. तिथे लोकांच्या शेतातून, कधी कधी घराच्या परसातून पण पायवाट जाते आणि तिच्यावर चालायचा आपल्याला कायद्याने हक्क असतो. १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवायला लावल्या. फाटकावर किंवा खांबावर बाण असतो, पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडे आणि सायकली पण. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, या भागाचा ओएल ४५, त्यात हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या वाटा. काळ्या तुटक रेघेवर विसंबू नका, ती वाट जमिनीवर असते पण तुमच्या हक्काची असेलच असं नाही. फोनवर अ‍ॅप असेल तरी नकाशा घरीच डाउनलोड करा, दरीत उतरलं की रेंज जाते.

हक्क कळला तरी मन मानत नाही तो भाग वेगळा. एका ठिकाणी बाण सरळ गव्हाच्या शेतात घुसत होता, उभं पीक, मधोमध हातभर रुंदीची तुडवलेली पट्टी. आई बांधावर उभीच राहिली, म्हणाली उभ्या पिकात पाय घालायचा? कोणाचं शेत आहे ते? ती कडेकडेने जाऊया म्हणत होती. पण तिथे बरोबर हेच चुकीचं, वाट मधून असेल तर मधूनच जायचं, एकामागून एक. नांगरणी झाली तरी शेतकऱ्याला १४ दिवसांत ती वाट पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते. शेवटी आई गेली, पण कुडता आवळून धरून, एक पण लोंबी मोडू न देता.

फाटक जसं सापडेल तसं सोडायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडंच. एक प्रकार अर्धगोल कठड्यात हलणाऱ्या फाटकाचा असतो, आत कोपऱ्यात शिरायचं, फाटक अंगावरून पलीकडे ढकलायचं, मग बाहेर. गुरांना ते जमत नाही. पाठीवर सॅक असेल तर माणसाला पण जमत नाही, आई मधेच अडकली, सॅक काढून वरून दिली तेव्हा सुटली. याला ते किसिंग गेट म्हणतात, आईला मी नाव सांगितलं नाही. दुसरा प्रकार लाकडी पायऱ्यांचा, कुंपण ओलांडून जायचं, गुडघे दुखत असतील तर उतरताना तोंड पायरीकडे ठेवा, शिडीवरून उतरतो तसं. शेतांना आपल्यासारखे गडगे असतात, चिऱ्याचे नाही, पिवळसर चुनखडीचे, त्यावर चढू नका, सिमेंट-बिमेंट काही नसतं, दगड निसटतो.

गाई दिसल्या तर आपल्याला वाटतं त्यात काय, पण त्या आपल्या रस्त्यावरच्या गाईंसारख्या माणसांना सरावलेल्या नसतात. वासरं असतील तर गाय आणि वासराच्या मधून कधीच जाऊ नका, लांबून वळसा घाला, पळू नका. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर त्याचा पट्टा सोडून द्या, तो पळून सुटतो. कडेला खाजऱ्या पानांची झुडपं असतात, नेटल, आपल्या खाजकुयलीचीच बहीण म्हणा, लागलं की लोक डॉक नावाच्या रानटी झाडाचं पान चोळतात, आईला बरं वाटलं, मला तर काहीच फरक पडला नाही.

लोअर स्लॉटरला नदीच्या काठानेच वाट आहे, जुनी गिरणी लागते, तिच्या मागून शेतातून अप्पर स्लॉटर. इंग्लंडात गावोगावी महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगडी क्रूस दिसतो. अप्पर स्लॉटरहून मात्र दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेले सगळे जिवंत परतले, अशी गावं फार थोडी आहेत. आई तिथे जरा वेळ गप्प बसली, मग खाजं काढलं पिशवीतून.

खायचं बरोबर घ्याच. पबमध्ये दुपारी दोन-अडीचला किचन बंद झालं की चिप्सवर भागवावं लागतं. टॉयलेट पण पबचंच, निदान एक चहा तरी घ्या.

एवढं पण जड वाटत असेल तर स्विंडनहून ४९ नंबरची बस थेट एव्हबरीला जाते, तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या उभ्या दगडांच्या वर्तुळातच गाव वसलंय, तिथून सिल्बरी हिल या टेकडीच्या बाजूने वेस्ट केनेटच्या प्राचीन थडग्यापर्यंत चालायचं आणि परत यायचं. टेकडीवर चढायला बंदी आहे, आईला ते फारच आवडलं.